सीमा सरकली, दप्तर मागे राहिले

३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री किनवटचा शेतकरी हैदराबाद राज्यात झोपला आणि सकाळी जागा झाला तो मुंबई राज्यात. त्याचे घर तिथेच होते, शेताचा बांध तिथेच होता, पैनगंगाही आपल्या जागी वाहत होती. बदलले ते एवढेच, की त्याचा जिल्हा आता आदिलाबाद नसून नांदेड होता आणि त्याच्या अर्जावर शेवटची सही हैदराबादऐवजी मुंबईत होणार होती. शेजारचा राजुरा तालुकाही आदिलाबादमधून नांदेडला आला आणि तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, उचलून चांदा जिल्ह्यात ठेवला गेला. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे उलट दिशेने आंध्र प्रदेशात गेली. बिदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. एकाच रात्रीत एवढी हलवाहलव झाली, आणि तीही कोणाच्या घरातले एक भांडेसुद्धा न हलता!

संयुक्त महाराष्ट्राचा लढा आपल्याला ठाऊक असतो तो सभा, मोर्चे, हुतात्मे आणि १ मे १९६० चा सोहळा या रूपाने. ते योग्यच आहे. पण त्या लढ्याची दुसरी, घरगुती म्हणावी अशी बाजू फारशी कोणी सांगत नाही. एकत्र कुटुंब विभक्त होते, तेव्हा चुली वेगळ्या व्हायला एक दिवस पुरतो. विहिरीचे पाणी, सावकाराचे देणे आणि माडीवरच्या पेटीतले कागद यांची वाटणी मात्र नातवंडांच्या काळापर्यंत पुरते. राज्यांचेही तसेच आहे. सीमा एका रात्रीत सरकते. दप्तर मागे राहते. आणि मग त्या दप्तरामागे धावण्याचे काम सरकारच्या नव्हे, साध्या माणसाच्या वाट्याला येते.

भाषावार प्रांतरचना चुकली, असे मला मुळीच सुचवायचे नाही. ज्या भाषेत माणूस बांधावरून भांडतो, त्याच भाषेत त्याला निकाल मिळावा, ही मागणी न्याय्य होती आणि आहे. प्रश्न आहे तो नंतरच्या कामाचा. राज्य पुनर्रचना आयोगाने आपला अहवाल ३० सप्टेंबर १९५५ ला दिला. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते, तेलंगणालाही काही वर्षे वेगळे ठेवावे म्हटले होते. संसदेने दोन्ही मानले नाही. कायदा झाला ३१ ऑगस्ट १९५६ ला आणि तो अमलात आला १ नोव्हेंबरला. मधे महिने दोन. एखाद्या घरातले लग्न ठरल्यापासून उभे राहायलासुद्धा आपल्याकडे याहून अधिक वेळ घेतात!

हैदराबाद राज्याच्या जिल्ह्यांचे तीन वाटे झाले. मराठी भाग मुंबई राज्यात, कानडी भाग म्हैसूरमध्ये, तेलुगू भाग आंध्रात. हे राज्य काही साधे नव्हते. तिथे निजामाचे हाली नाणे चाले; सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. सरकारी वर्ष फसली, महिन्यांची नावे बहमन, आबान अशी फारसी, दरबारची भाषा उर्दू. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अजूनही कुठे कुठे खरेदीखते निघतात, ती वाचायला तीन माणसे लागतात: एक उर्दूचा जाणकार, एक मोडी वाचणारा आणि फसली सनाचा इसवी सन करून देणारा तिसरा. (फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण जुळतो. वाचकांपैकी कोणाच्या पेटीत असा कागद असेल तर हा आकडा उपयोगी पडावा.)

सगळ्यांत आधी वाटणी झाली ती नोकरमंडळींची. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून आले, मराठवाड्याचे पाच हैदराबादेतून, आणि त्यांच्याबरोबर त्या त्या राज्याचे कारकून, तहसीलदार, इंजिनिअर, शिक्षक, विक्रीकर अधिकारी. तिकडचा अमुक हुद्दा म्हणजे इकडचा कोणता? तिकडे परीक्षा न देता बढती मिळे, इकडे द्यावी लागे. मग आधीची वर्षे धरायची की नाही? कायद्याच्या ११५ व्या कलमाने नोकरांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले होते, पण ज्येष्ठतेच्या याद्या काही कलमाने तयार होत नाहीत. त्या तयार झाल्या, त्यांवर हरकती आल्या, हरकतींवर सुनावण्या झाल्या, सुनावण्यांवर दावे. हैदराबाद आणि मध्य प्रदेशातून मुंबई राज्याकडे आलेल्या विक्रीकर अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेचा एक वाद सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला तो १९८१ मध्ये. १९५६ मध्ये तिशीत असलेला माणूस तोवर पेन्शनीच्या उंबरठ्यावर पोचला होता. त्याच्या घरची ती पंचवीस वर्षे कशी गेली असतील, बदली, बढती, मुलीच्या लग्नाला काढायचे कर्ज हे सगळे एका यादीतल्या आपल्या क्रमांकावर टांगलेले असताना, हे कुठल्याही निकालपत्रात लिहिलेले नसते.

दुसरी वाटणी कायद्यांची. सामान्य समजूत अशी, की राज्य एक झाले म्हणजे कायदा एक झाला. जमीन महसुलाच्या बाबतीत तो व्हायला अकरा वर्षे लागली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, ती लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ ला. तोवर पुण्याचा मामलेदार एका कायद्याने चाले, अमरावतीचा तहसीलदार दुसऱ्या, परभणीचा तिसऱ्या. कूळकायदा तर आजही एक नाही. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा यांचे तीन निरनिराळे अधिनियम आहेत. कुळाला मिळालेली जमीन विकायची तर इकडे कलम ४३, विदर्भात कलम ५७ आणि मराठवाड्यात कलम ५० ब. मराठवाड्याच्या कायद्याचे नाव आजमितीसही ‘हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०’ असेच आहे. हैदराबाद नावाचे ते राज्य नकाशावरून जाऊन साठ-सत्तर वर्षे लोटली, तरी लातूरच्या शेतकऱ्याच्या सातबाराआड ते मुक्कामाला आहेच. इनामी आणि मदतमाश जमिनींचेही असेच. त्यांचा निकाल ‘अतियात’ या निजामी शब्दाखाली केलेल्या १९५२ च्या कायद्याने लागतो. ज्यांची घरे अशा जमिनींवर उभी आहेत, त्यांना ‘अतियात’ हा शब्द कोणत्याही शब्दकोशापेक्षा बँकेच्या कर्जविभागात प्रथम भेटतो.

याची गंमतीची बाजूही आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० नंतर दोन्ही भावांच्या वाट्याला आला. गुजरातने २०११ मध्ये आपल्याकडच्या कायद्यांच्या नावांतले ‘मुंबई’ काढून ‘गुजरात’ घातले, महाराष्ट्राने लगोलग ‘महाराष्ट्र’ घातले. मूळ मसुदा एकच. एका भावाच्या घरी त्याच कायद्याने दारू बंद, दुसऱ्याच्या घरी त्याच कायद्याने परवाने!

न्यायालयाची गोष्ट मात्र गमतीची नाही. नांदेडचा माणूस पूर्वी अपिलासाठी हैदराबादला जाई. नव्या राज्यात त्याला मुंबई गाठावी लागली, जवळजवळ दुप्पट अंतरावरची. आणि त्या शहरात ना नातेवाईक, ना ओळखीचा वकील. नागपूरचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. ते मध्य प्रदेशाबरोबर जबलपूरला गेले, पण नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ लगेच मिळाले. मराठवाडा महाराष्ट्रात विनाशर्त आला होता. विनाशर्त येणाऱ्याला लगेच काही मिळत नाही, हा व्यवहार झाला. औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले ते ऑगस्ट १९८१ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तेही १९५६ च्याच कायद्याच्या ५१ व्या कलमातले तिसरे पोटकलम शोधून काढून. त्या व्यवस्थेला आव्हान दिले गेले, सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. या पोटकलमाचे आयुष्य मात्र मोठे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाले, तेही त्याच आधारावर.

रेल्वेचे काय? निजामाची रेल्वे केंद्राकडे गेली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली, तिचे मुख्यालय सिकंदराबाद. नांदेडला रेल्वेचा विभाग २००३ मध्ये मिळाला, पण तो अजून सिकंदराबादच्याच हाताखाली. परभणीच्या प्रवाशाला मुंबईकडे जाणारी जादा गाडी हवी असेल, तर अर्ज तेलंगणाच्या राजधानीकडे. राज्याची सीमा सरकली, रुळांना कोणी कळवले नाही.

आता जरा नाजूक जागेकडे येतो, कारण खरी किंमत तिथे मोजली गेली आहे. अनुसूचित जातीजमातींच्या याद्या राज्यवार असतात. निजामी मुलखात बंजारा समाज मोठा. त्याचे तांडे मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तिन्ही भागांत पसरलेले. मूळ तांडा एक, कुलदैवत एक, गोरमाटी बोली एक, सोयरीक एकमेकांत. १९५६ ची रेघ या तांड्यांमधून गेली. पुढे १९७६ च्या कायद्याने जुन्या प्रादेशिक मर्यादा उठल्या, तेव्हा आंध्रात जो समाज आधी किनारी भागात अनुसूचित जमात होता, तो तेलंगणातही तसाच झाला. कर्नाटकात जुन्या म्हैसूरच्या यादीप्रमाणे तो अनुसूचित जातीत गेला. महाराष्ट्रात दोन्हींपैकी काहीच नव्हते. इथे तो विमुक्त जातीत राहिला. समजा, एका तांड्यातले तीन भाऊ पोटासाठी पांगले. एक आदिलाबादला, एक बिदरला, एक नांदेडला. तिघांची मुले तीन रांगांत उभी. वैद्यकीयच्या प्रवेशयादीत एकाचे नाव एका रकान्यात, दुसऱ्याचे दुसऱ्यात, तिसऱ्याचे कदाचित कुठेच नाही. शिवाय १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की एका राज्यातला दर्जा स्थलांतर करून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. म्हणजे रेघ ओलांडून आलात, की प्रमाणपत्र नाक्यावर ठेवून यायचे. २०२५ मध्ये मराठवाड्यात बंजारा समाजाचे मोर्चे निघाले, ते याच जुन्या हिशोबाच्या वसुलीसाठी.

या मोर्चांच्या थोडे आधी मराठा समाजाच्या आरक्षणाचा प्रश्नही त्याच दप्तराशी येऊन थांबला. आरक्षण कोणाला असावे, हा या लेखाचा विषय नव्हे. पण कागदांची जी कहाणी त्यातून उघडी पडली, ती पाहण्यासारखी आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या कुटुंबाच्या पणजोबांची नोंद ‘कुणबी’ अशी होती का, हे सांगणारे कागद कुठे असणार? तालुक्याच्या कचेरीत काही, भूमिअभिलेखात काही, काही जीर्ण होऊन गेलेले. आणि वरच्या पातळीवरचे बरेचसे दप्तर निजामाच्या राजधानीत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने गावोगावच्या नोंदी तपासल्या आणि ती हैदराबादलाही गेली. राज्य फुटून सदुसष्ट वर्षे झाल्यावर महाराष्ट्राची एक समिती तेलंगणाच्या दारात जाऊन आपल्या खापरपणजोबांची नोंद मागत होती! २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटच्या आधारे कार्यपद्धती ठरवणारा निर्णय काढला, आणि जे नाव शाळेत इतिहासाच्या पुस्तकातही क्वचित येई, ते घराघरांत बोलले जाऊ लागले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा एकाएकी तुटवडा पडला. १९५६ मध्ये, कारकून मंडळी हयात असताना आणि लिपी येत असताना, या दप्तराची नक्कल करून घ्यायला कितीसा खर्च आला असता?

बेळगावबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण वाचकांना ते तोंडपाठ आहे: महाजन आयोग १९६६ चा, अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा दावा २००४ चा, निकाल अजून नाही. पण चंदगड आणि खानापूर हे एकेकाळी एकाच बेळगाव जिल्ह्याचे शेजारी तालुके होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५६ मध्ये चंदगड इकडे राहिले आणि कोल्हापूरला जोडले गेले; खानापूर तिकडे गेले. आज चंदगडच्या शेतकऱ्याला सातबारा मराठीत मिळतो. खानापूरच्या मराठी शेतकऱ्याच्या हातात पहाणी पडते ती कानडीत. ती बरोबर आहे की चूक, हे कळण्यासाठी त्याला दुसऱ्याला विचारावे लागते. सीमालढा म्हणजे सभेतल्या घोषणा एवढेच ज्यांना वाटते, त्यांनी हा कागद एकदा पाहावा.

हे सगळे जुन्या काळचे, तेव्हा टंकलेखनयंत्रेसुद्धा मोजकीच, असे कोणी म्हणेल. मग हैदराबाद राज्याच्या उरलेल्या वाट्याकडे पाहू. तेलंगण २ जून २०१४ ला आंध्रपासून वेगळे झाले. संगणक होते, ई-मेल होते, पुनर्रचनेचा कायदा तपशीलवार होता. देणी-घेणी लोकसंख्येच्या प्रमाणात, सुमारे ५८ ला ४२. हैदराबाद दहा वर्षे दोघांची राजधानी. कायद्याच्या नवव्या आणि दहाव्या परिशिष्टांत मिळून दोनशेहून अधिक संस्था: महामंडळे, अकादम्या, प्रशिक्षण केंद्रे. २ जून २०२४ ला दहा वर्षे भरली, राजधानीची भागीदारी संपली, पण त्या संस्थांचा हिशोब पुरा झाला नव्हता. उच्च न्यायालय वेगळे व्हायलाच १ जानेवारी २०१९ उजाडला. पोलावरम धरणाच्या बुडिताखातर सात मंडले तेलंगणातून आंध्रात गेली. त्यामुळे भद्राचलमचा राम तेलंगणात राहिला आणि त्याच्या देवस्थानाची बरीचशी जमीन आंध्रात गेली. देवालासुद्धा दोन राज्यांत उतारे काढावे लागतात, तिथे माणसाची काय कथा!

आपल्याकडे वेगळ्या विदर्भाची मागणी अधूनमधून वर येते. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेली वचने, त्यातले अधिवेशन दर हिवाळ्यात पाळले जाते, अनुशेषाच्या समित्याही होऊन गेल्या. त्या मागणीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोघेही अस्मिता, पाणी आणि वीज यांवर तावातावाने बोलतात. नागपूरच्या कचेरीतला कनिष्ठ लिपिक कोणत्या यादीत जाणार, एका राज्यात घर आणि दुसऱ्यात नोकरी असणाऱ्या नवरा-बायकोंच्या बदल्या कोण करणार, वैधता समितीकडे पडलेली जातीची प्रकरणे कोणाच्या ट्रंकेत भरणार, यावर मी तरी आजवर एक भाषण ऐकलेले नाही. दोन्ही बाजूंनी हे प्रश्न आधी लिहून काढावेत, मग हवी ती भूमिका घ्यावी.

रेघ नीट न ओढल्यास काय होते, ते पाहायला फार लांब जायला नको. सुरुवातीला ज्या राजुऱ्याचा उल्लेख केला, त्याच जुन्या तालुक्याचा एक भाग आता चंद्रपूर जिल्ह्याचा जिवती तालुका आहे. त्याच्या कडेला डोंगरात चौदा गावे आहेत: परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, भोलापठार, महाराजगुडा ही त्यांतली काही. महाराष्ट्र म्हणतो आमची, आधी आंध्र आणि आता तेलंगण म्हणते आमची. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा वाद महाराष्ट्राच्या बाजूने संपला, असे कागदावर आहे. गावात मात्र दोन शाळा आहेत, एक मराठी, एक तेलुगू. शिधापत्रिका दोन, मतदार ओळखपत्रे दोन, सरपंचही दोन. एका घराच्या निम्म्या खोल्या एका राज्यात आणि निम्म्या दुसऱ्यात असल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या होत्या; घरपट्टी दोन्हीकडे. वाचणाऱ्याला हेवा वाटावा, असे हे चित्र. दोन्हीकडचा तांदूळ, दोन्हीकडच्या योजना! पण या गावांत मोठा प्रश्न आहे जमिनीच्या पट्ट्याचा. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीचा पक्का उतारा अनेकांकडे नाही, कारण ज्या जमिनीवर दोन राज्ये हक्क सांगतात, तिची मोजणी करून ठाम सही करायला दोन्हीकडचे अधिकारी कचरतात. उतारा नाही म्हणून पीककर्ज नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला होते, आदिलाबादचे १३ मे रोजी. मधल्या दिवसांत दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना या गावांची काळजी होती ती एकाच गोष्टीची: कोणी दोनदा मत देऊ नये. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावे पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे जाहीर केले. मोजणी व्हायची आहे, पट्टे निघायचे आहेत, तिकडच्या सरकारने दिलेल्या कागदांचे काय करायचे ते ठरायचे आहे.